गवयांचा कवि मेटास्टाझिओ

अठराव्या शतकांतील युरोपांत ज्याचे शब्द सर्वांत अधिक लोकांच्या कानांवर पडले असा कवि कोण, असें कोणी विचारल्यास आपल्याकडील इंग्रजी शिकलेला वाचक पोप, व्हॉल्टेअर किंवा ग्योटे यांपैकीं एखादें नांव घेईल. इटलीकडे त्याचें लक्ष जावयाचें नाहीं. इंग्रजीच्या वाटेनें गेलेल्या आम्हां लोकांस इटालियन वाङ्मय म्हणजे डांटे, पेट्रार्क, बोकाचिओ आणि फार तर टासो एवढेंच ठाऊक असतें, आणि १५९५ मध्यें टासो वारल्यावर तें वाङ्मयही निजलें अशी कांहींशी समजूत असते. वस्तुतः वरील प्रश्नाचें उत्तर पिएत्रो मेटास्टाझिओ हेंच द्यावें लागेल. त्याचीं तीन अंकी संगीत नाटकें अवघीं २७. परंतु निरनिराळ्या संगीतकारांनीं मिळून त्यांना ८०० हून अधिक वेळां संगीत दिलें. एकट्या 'आर्तासेर्से' या नाटकाला सुमारें ९० जणांनीं स्वरसाज चढविला. लिस्बनपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत जेथें राजवाडा तेथें नाटकगृह, आणि जेथें नाटकगृह तेथें मेटास्टाझिओ, अशी त्या काळची स्थिति होती.

आज त्याचें एखादें नाटक केवळ वाचण्यासाठीं हातीं घेणारा मनुष्य इटलींतही विरळा. इतकी व्यापक कीर्ति इतकी ओसरावी कशी? त्याला दरबारी भाट ठरवून मोकळे होणारे टीकाकार पुष्कळ झाले. त्याच्या पदांच्या गोडव्यावर भाळून त्याला सोफोक्लीझच्या पंक्तीस बसविणारेही त्याच्या काळीं कमी नव्हते. आमच्या मतें हे दोन्ही निवाडे एकांगी आहेत. मेटास्टाझिओनें गवयांची चाकरी पत्करली आणि ती इतक्या इमानानें केली कीं, ते गवई होते तोंवर तो राहिला व ते गेले तेव्हां तोही त्यांच्याबरोबर गेला. परंतु ती चाकरी करतां करतांच त्याच्या हातून कांहीं ठिकाणीं अस्सल नाट्य निर्माण झालें. तें कोठें व कसें, हें पाहण्याचा आमचा येथें विचार आहे.

त्याचें मूळ आडनांव ट्रापास्सी. ३ जानेवारी १६९८ रोजीं रोम शहरीं त्याचा जन्म झाला. बाप फेलिचे हा असीसीकडचा. पोपच्या पदरीं असलेल्या कॉर्सिकन पलटणींत कांहीं काळ नोकरी करून पुढें त्यानें रोममध्यें किराणा मालाचें दुकान घातलें होतें. या साधारण स्थितींतील घरच्या मुलाच्या अंगीं एक विलक्षण गुण होता. दहा-अकरा वर्षांचें हें पोर रस्त्यांत उभें राहून कोणीही दिलेल्या विषयावर तत्काळ कवनें रचून म्हणे, व भोंवतीं गर्दी जमे. अशाच एका गर्दींत जान व्हिंचेन्झो ग्राव्हिना नांवाचे गृहस्थ येऊन थांबले. हे मोठे कायदेपंडित व ग्रीक विद्येचे निस्सीम भक्त होते. १६९० सालीं रोम येथें स्थापन झालेल्या 'आर्केडिया' नामक कविमंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. त्यांनीं मुलाच्या बापाचें मन वळवून त्याला आपल्या घरीं आणलें, दत्तक घेतलें, आणि पहिलें काम केलें तें हें कीं, त्याचें नांव बदललें. ट्रापास्सी या शब्दांत 'पलीकडे जाणें' असा अर्थ आहे. त्याचें ग्रीक रूपांतर करून त्यांनीं 'मेटास्टाझिओ' असें नांव बनविलें. पंडितांचें प्रेम व्यक्त होण्याची रीतच कांहीं निराळी!

ग्राव्हिनांच्या मनांत या मुलाला कायदा शिकवावा आणि ग्रीक शोकान्त नाटकांचें इटलींत पुनरुज्जीवन त्याच्या हातून घडवावें असें होतें. प्रारंभीं मात्र त्यांनाही शिष्याच्या शीघ्रकवित्वाचा मोह आवरला नाहीं. विद्वानांच्या बैठकींतून त्याला स्पर्धांस उभें करण्यांत येई, आणि एका रात्रींत शेंकडों ओळी रचतां रचतां तें पोर थकून जाई. प्रकृति ढासळूं लागली तेव्हां गुरूंचे डोळे उघडले. त्यांनीं त्याला दक्षिणेकडे कालाब्रियांत स्कालेआ येथें कालोप्रेझे नांवाच्या तत्त्वज्ञाकडे धाडलें. तेथील समुद्राची हवा आणि देकार्तच्या तत्त्वज्ञानाचे पाठ हीं दोन्ही त्याला मानवलीं. मनोविकारांचें पृथक्करण करून ते एकमेकांसमोर उभे करण्याची जी संवय त्याच्या नाटकांतून सर्वत्र दिसते, तिचें मूळ आम्हांस स्कालेआच्या त्या पाठांत असावेंसें वाटतें. चौदाव्या वर्षीं त्यानें 'जुस्तीनो' नांवाचें शोकनाट्य लिहिलें. तें सर्व नियमांस धरून आहे आणि निर्जीव आहे. लिहिणाऱ्या पोराच्या मनगटावरचा गुरूचा हात पानोपानीं जाणवतो.

१७१८ च्या जानेवारींत ग्राव्हिना वारले आणि सुमारें १५,००० स्कुडी एवढी संपत्ति शिष्याच्या नांवें ठेवून गेले. विसाव्या वर्षीं हाताशीं पैसा, डोक्यावर कोणी नाहीं, आणि राहणें रोममध्यें! दोन वर्षांत बहुतेक पैसा उडाला. नंतर हा तरुण नेपल्सला जाऊन कास्तान्योला नांवाच्या वकिलाच्या कचेरींत काम करूं लागला. काव्याचें नांव काढावयाचें नाहीं अशी या वकिलानें अट घातली होती म्हणतात. ती पाळणें शक्य नव्हतें. १७२० मध्यें त्यानें लिहिलेल्या एका छोट्या संगीत नाट्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा प्रथमच लोकांपुढें गायिला; हाच पुढें अखिल युरोपास वेड लावणारा फारिनेल्ली. कवि व गायक यांचा उदय एकाच रात्रीं झाला म्हणून ते दोघे जन्मभर एकमेकांस 'जुळा भाऊ' म्हणत. पुढल्या वर्षीं सम्राज्ञीच्या वाढदिवसासाठीं लिहिलेल्या दुसऱ्या एका संगीत नाट्यांत व्हीनसची भूमिका मारिआना बुल्गारेल्ली या गायिकेनें केली. रंगभूमीवर तिला 'रोमानिना' म्हणत. तिनें कवीचा शोध काढला, वकिलाच्या कचेरींतून त्याला सोडविलें आणि आपल्या घरीं आणून ठेवलें. घरांत तिचा पतिही होता. या तिघांचें नातें नेमकें कोणत्या स्वरूपाचें होतें यावर चरित्रकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. आम्हांस त्यांत गोडी नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें एवढेंच कीं, ग्राव्हिनांच्या घरीं त्याला नाटक कसें असावें हें कळलें होतें, आणि रोमानिनेच्या घरीं गाणारा मनुष्य रंगभूमीवर उभा राहून काय करूं शकतो हें कळलें. श्वास कोठें घ्यावा लागतो, कोणता स्वर गळ्यांत मोकळा होतो, कोणत्या शब्दावर प्रेक्षक मान वर करतो, ही विद्या ग्रीक ग्रंथांत मिळत नाहीं. संगीताचे धडे त्याला तेथेंच पोर्पोरा या श्रेष्ठ गानगुरूकडून मिळाले.

याचें फळ म्हणजे १ फेब्रुवारी १७२४ रोजीं नेपल्सला झालेलें 'दिदोने आब्बांदोनाता', म्हणजे 'परित्यक्ता डायडो'. संगीत सार्रो याचें, डायडो स्वतः रोमानिना. व्हर्जिलच्या महाकाव्यांतील ही राणी येथें गर्विष्ठ आहे, मत्सरी आहे, एका क्षणीं शाप देते व दुसऱ्या क्षणीं पाय धरते. आणि शेवटीं जळत्या राजवाड्यांत एकटी उरते. दुसऱ्या अंकांतील मत्सराचे प्रवेश रोमानिनेच्या सूचनेवरून लिहिले गेले अशी दंतकथा आहे, आणि ते प्रवेश वाचतांना ती खरी वाटते.

येथें त्या काळच्या ऑपेराच्या रचनेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. नाहीं तर मेटास्टाझिओची करामत ध्यानांत यावयाची नाहीं. या नाटकांत संवाद बोलल्यासारख्या साध्या सुरांत म्हटले जात. त्याला 'रेसिटाटिव्ह' म्हणतात. कथानक पुढें सरकावयाचें तें तेथेंच. प्रवेशाच्या शेवटीं पात्राच्या मनांतील विकार शिगेला पोंचला कीं पद यावयाचें. पदाचीं बहुधा चार-चार ओळींचीं दोन कडवीं. दुसरें कडवें संपलें कीं पहिलें पुन्हां म्हणावयाचें, आणि या दुसऱ्या खेपेस गायकानें आपल्या सर्व ताना व हरकती ओतावयाच्या. पद संपलें कीं गायकानें आंत निघून जावयाचें, म्हणजे टाळ्यांना वाट मोकळी. मुख्य भूमिका बहुधा कास्त्रातो गवयांकडे असत. बालपणींच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटूं दिला नाहीं असे हे पुरुष. मुलाचा कोंवळा गळा आणि प्रौढ मनुष्याची छाती यांचा त्यांच्यांत संयोग झालेला असे. त्यांची मिजास राजांनाही आवरत नसे. आवडतीं पदें पेटींत घालून ते गांवोगांव हिंडत आणि कोणत्याही नाटकांत तीं घुसडून देत. अशा पदांना 'पेटींतलीं पदें' असेंच नांव पडलें होतें. या सर्व थेराची मार्चेल्लो या व्हेनिसच्या संगीतकारानें १७२० मध्यें एका उपहासग्रंथांत यथेच्छ टिंगल केली आहे.

नाटककारापुढें बंधनें किती होतीं हें विनोदी नाटककार गोल्दोनी याच्या आत्मचरित्रांत चांगलें कळतें. १७३३ च्या सुमारास हा तरुण मिलान येथें आपलें पहिलें संगीत शोकनाट्य घेऊन गेला. तेथील एका सरदारानें त्याला शांतपणें समजावून दिलें कीं, मुख्य गायकांना प्रत्येकीं पांच पदें मिळालीं पाहिजेत, दोन पहिल्या अंकांत, दोन दुसऱ्यांत, एक तिसऱ्यांत. दुय्यम गायकांना तीनच. करुण पदाच्या पाठोपाठ दुसरें करुण पद येतां कामा नये. आणि दुय्यम पात्राला जोरकस पद दिल्यास मुख्य गायिका रुसेल. गोल्दोनी मुक्कामावर परत आला, त्यानें तें हस्तलिखित शेगडींत घातलें, आणि मग जेवण मागवून तो पोटभर जेवला. तो शहाणा होता. त्यानें पुढें आपला मार्ग विनोदी गद्य नाटकांत शोधला.

मेटास्टाझिओ याच नियमांत राहिला आणि त्यांतच त्यानें आपलें घर बांधलें. पात्रें सहा-सातच, त्यांत दोन प्रेमी युगुलें, एक राजा, एक विश्वासू किंवा विश्वासघातकी मित्र. प्रवेशांची जुळणी अशी कीं, पात्राला आंत जाण्याचें कारण कथेतूनच उत्पन्न व्हावें आणि तें कारण घडण्याच्या क्षणींच त्याच्या मनाचा बांध फुटावा. गवयाला हवी ती टाळी मिळे आणि नाटकालाही हवा तो धक्का मिळे. शब्द थोडे, नेहमींचे, स्वरान्त. एकदां ऐकले कीं कानांत राहणारे. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून पुष्कळ वेळां लोकांच्या ओठावर असलेली चाल आधीं निवडून तिच्यांत पद बसविण्याचा प्रघात होता. तेथें प्रकार उलट होता. तेथें पद आधीं लिहिलें जाई, आणि तें हातीं घेऊन एकामागून एक पन्नास संगीतकार आपापली चाल त्याला लावीत. म्हणजे शब्द स्थिर आणि सूर फिरते. नाटकाचें पुस्तक कवीच्या नांवानें ओळखलें जाई; संगीतकाराचें नांव पुष्कळदां दुय्यम असे. आजच्या ऑपेराच्या रसिकांना ही गोष्ट विचित्रच वाटेल.

१७२८ ते १७३० या काळांत रोमसाठीं लिहिलेल्या नाटकांचा निर्देश त्वरेनें करूं. 'कातोने इन उतिका' या नाटकांत त्यानें स्वाभिमानी केटोला रंगभूमीवरच मरावयास लावलें. रोमच्या सभ्य प्रेक्षकांना जखमी मनुष्य गातांना पाहवेना, आणि कवीनें निमूटपणें शेवट बदलून मरणाची वार्ता दुसऱ्याच्या तोंडीं घातली. ही निमूट माघार लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १७३० च्या आरंभीं एका मागोमाग 'आलेस्सांद्रो नेल्लिंदिए' व 'आर्तासेर्से' हीं नाटकें झालीं. दोहोंचें संगीत लेओनार्दो व्हिंची याचें. पोपच्या राज्यांत स्त्रियांना रंगभूमीवर बंदी असल्यामुळें नायिकांच्या भूमिकाही पुरुषच करीत.

'आलेस्सांद्रो नेल्लिंदिए' म्हणजे 'हिंदुस्थानांतील अलेक्झांडर'. हिंदी वाचकांस याचें विशेष कुतूहल वाटेल. नायक आपला पोरस राजा. तो झेलमच्या कांठीं हरतो, आस्बीते असें खोटें नांव घेऊन शत्रूच्या गोटांत वावरतो, आणि सर्व वेळ क्लेओफीदे नामक राणीच्या निष्ठेविषयीं संशयानें जळत असतो. हत्तीच्या पाठीवरून लढणारा पुरु येथें शोधूं गेल्यास मिळावयाचा नाहीं. हा पुरु म्हणजे रेशमी पोशाखांतला इटालियन प्रेमिक आहे. त्याच्या बहिणीचें नांव एरिस्सेना आणि सेनापतीचें गांदार्ते. त्यांपैकीं दुसऱ्यांत गांधार देशाचा भास होतो एवढेंच. मात्र शेवटीं पति मेला असें समजून क्लेओफीदे चितेंत उडी घेण्यास सिद्ध होते, तेथें ग्रीक ग्रंथांतून युरोपास ठाऊक झालेल्या सतीच्या चालीचा कवीनें उपयोग केला आहे. या नाटकास लंडनमध्यें १७३१ सालीं हँडेलनें 'पोरो' या नांवानें संगीत दिलें. १७५५ च्या वसंतांत लिस्बनचें नवें राजेशाही नाटकगृह उघडलें तें याच नाटकानें, आणि त्यांत अलेक्झांडरचें घोडदळ खरोखरीच्या घोड्यांनिशीं रंगभूमीवर आणलें होतें. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस झालेल्या भूकंपांत तें नाटकगृह जमीनदोस्त झालें.

दरम्यान १७२९ मध्यें व्हिएन्नाहून बोलावणें आलें होतें. सम्राट सहावा चार्ल्स याच्या दरबारीं आपोस्तोलो झेनो हा विद्वान राजकवि होता. आतां उतारवयांत त्याला व्हेनिसला परतावयाचें होतें. आपल्या जागीं कोण, असें विचारतां त्यानें मेटास्टाझिओचें नांव सुचविलें. प्रतिस्पर्ध्याची अशी शिफारस करणारे ग्रंथकार फार नसतात. वार्षिक ३,००० फ्लोरिन वेतन ठरलें. १७३० च्या एप्रिलांत मेटास्टाझिओ व्हिएन्नास पोंचला, आणि पुढें ५२ वर्षें तेथेंच राहिला.

या मुक्कामांतील पहिलीं दहा वर्षें त्याच्या प्रतिभेचा मध्यान्हकाळ होय, आणि त्यांतही १७३३ च्या ऑगस्टांत झालेलें 'लॉलिंपिआदे' हें आमच्या मतें त्याचें सर्वोत्कृष्ट नाटक. कथा ऐकतांना कृत्रिम वाटते. राजा क्लिस्तेने यानें आपली कन्या आरिस्तेआ ऑलिंपिक सामन्यांतील विजेत्यास देऊं केली आहे. लिचिदाला ती हवी आहे, पण त्याला मल्लविद्येचा गंध नाहीं. म्हणून तो आपला मित्र मेगाक्ले यास आपल्या नांवानें सामन्यांत उतरावयास सांगतो. लिचिदानें पूर्वीं मेगाक्लेचा प्राण वांचविलेला आहे. मेगाक्ले तत्काळ होकार देतो. नंतर त्याला कळतें कीं, बक्षीस म्हणून लावलेली राजकन्या ही त्याची स्वतःची प्रेयसी आहे. आतां काय करावें? वचन दिलें आहे, ऋण आहे, आणि ती समोर आनंदानें उभी आहे. तो जिंकतो, तिला सर्व सांगतो, मूर्च्छित झालेल्या तिला मित्राच्या हातीं सोंपवितो, आणि निघून जातांना, ती शुद्धीवर आली म्हणजे तिला काय सांगावें व काय सांगूं नये एवढेंच मित्राला सांगूं लागतो. सांगतां सांगतां बोललेला शब्द परत घेतो, पुन्हां बोलतो, पुन्हां अडखळतो. सबंध पदांत एकही अलंकार नाहीं, एकही पौराणिक उपमा नाहीं. ज्या नियमानें गायकाला पद म्हणून आंत जाणें भाग होतें, तो नियमच येथें नाट्य झाला आहे. कारण मेगाक्लेला तेथून जावयाचेंच आहे, आणि जाववत नाहीं. काल्दारा, व्हिवाल्दी, पेर्गोलेझी अशा एकाहून एक थोर संगीतकारांनीं तीन वर्षांच्या आंत या नाटकाला संगीत दिलें, त्याचें रहस्य येथें आहे.

हा ताटातुटीचा प्रवेश लिहितांना कवीच्या स्वतःच्याच डोळ्यांस पाणी आलें. आपणच रचलेल्या खोट्या गोष्टीवर आपण खरे अश्रु ढाळीत आहों याचें त्याला नवल वाटलें, आणि त्या नवलावर त्यानें एक सुनीत लिहिलें. मग आपले बाकीचे राग-लोभ तरी याहून खरे कशावरून, अशी शंका त्यांत आहे. तें त्याच्या सर्व स्फुट कवितेंत श्रेष्ठ मानलें जातें. पुढच्याच वर्षीं रोमानिना रोम येथें वारली. तिनें आपली मालमत्ता त्याच्या नांवें ठेवली होती. त्यानें ती सर्व तिच्या पतीस परत देऊन टाकली. दरबारी कवीच्या लोभीपणाबद्दल बोलणारांनीं ही गोष्ट विसरूं नये.

१७३४ मधील 'ला क्लेमेंझा दी तीतो' हें नाटक सम्राटाच्या नामदिनासाठीं लिहिलेलें आहे. रोमचा सम्राट टायटस आपल्याविरुद्ध कट करून कॅपिटॉलला आग लावणाऱ्या जिवलग मित्रास, सेस्तोला, क्षमा करतो असें त्यांत दाखविलें आहे. हें राजस्तुतीचें काव्य आहे यांत शंका नाहीं. पण राजाला 'तूं असा आहेस' असें सांगतांना 'तूं असा अस' असेंही सांगतां येतें, हें कवीला पक्कें ठाऊक होतें. मृत्युदंडाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं टायटस सेस्तोला एकट्याला बोलावून, राजा म्हणून नव्हे तर मित्र म्हणून, कारण विचारतो. आणि सेस्तोला तें सांगतां येत नाहीं, कारण सांगितल्यास जिच्यासाठीं हें केलें ती सांपडेल. हा प्रवेश व त्यानंतरचें टायटसचें स्वगत यांची तुलना व्हॉल्टेअरनें ग्रीकांच्या उत्तम नाट्याशीं केली आहे. व्हॉल्टेअर स्तुति करतांना हात आंखडीत नसे हें खरें; तरी येथें तो फारसा चुकला आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

याच दशकाच्या शेवटीं लिहिलेलें 'आत्तीलिओ रेगोलो' त्याला स्वतःला सर्वांत प्रिय होतें. शत्रूनें तहासाठीं पाठविलेला बंदिवान रेग्युलस स्वदेशास 'तह करूं नका' असा सल्ला देतो आणि दिलेल्या वचनाप्रमाणें मरण्यासाठीं कार्थेजला परत जातो, अशी ती कथा. नाटक १७४० च्या नोव्हेंबरांत व्हावयाचें होतें. २० ऑक्टोबरला सम्राटच वारला. दहा वर्षें तें पेटींत पडून राहिलें आणि १७५० मध्यें ड्रेस्डेनला रंगभूमीवर आलें. त्याचें संगीत करणारा हासे याला १७४९ च्या ऑक्टोबरांत मेटास्टाझिओनें लिहिलेलें लांबलचक पत्र उपलब्ध आहे. प्रत्येक पात्राचा स्वभाव कसा, कोठें वाद्यांनीं संवादाला साथ द्यावी, कोठें गप्प रहावें, सिनेटच्या सभेंत शिरतांना रेग्युलस थबकतो तेथें त्याला विचार करण्यास वाद्यांनीं किती अवसर द्यावा, हें सर्व त्यांत आहे. ज्याला लोक गवयांचा ताबेदार समजत, तो मनांतल्या मनांत सबंध नाटक स्वरांसह ऐकत असे, हें या पत्रावरून दिसतें.

सहाव्या चार्ल्सनंतर मारिया थेरेसा गादीवर आली. राज्यावर युद्धाचें संकट, खजिना रिकामा, ऑपेराला ओहोटी. मेटास्टाझिओ अवघा ४२ वर्षांचा होता, आणि यापुढील ४२ वर्षांत त्यानें त्या तोलाचें फारच थोडें लिहिलें. वाढदिवसाचे, लग्नाचे, बारशाचे प्रसंग येत. कवि त्यांना शब्द पुरवी. प्रकृतीची सारखी कुरकूर, मज्जातंतूंचा विकार, आणि घड्याळाच्या कांट्याप्रमाणें चालणारा दिनक्रम. जर्मन भाषा त्यानें कधीं आपलीशी केली नाहीं, आणि इटलीचें दर्शनही पुन्हां घेतलें नाहीं. पोपच्या वकिलातींतील मार्टिनेझ नांवाच्या अधिकाऱ्याच्या घरीं तो पहिल्यापासून राहत असे, आणि त्याच्या मुलांना त्यानें आपलींच मानलें. १७५० नंतर त्याच इमारतीच्या माळ्यावर एक कंगाल तरुण वादक राहण्यास आला. मार्टिनेझच्या लहानग्या मारिआनाला वाद्य शिकविण्यास मेटास्टाझिओनें त्याची योजना केली. मोबदला म्हणून त्याला जेवण मिळे. त्याच घरीं त्याची पोर्पोराशीं गांठ पडली, आणि गुरूचे जोडे पुसत पुसत तो संगीतरचना शिकला. हा तरुण म्हणजे जोझेफ हायडन. मारिआनाही पुढें मान्यता पावलेली संगीतकार झाली. एखाद्या म्हाताऱ्या कवीनें घरांतल्या मुलीच्या शिक्षणाची केलेली ही काळजी आम्हांस त्याच्या कित्येक प्रसंगकाव्यांपेक्षां मोलाची वाटते.

या काळांतील त्याचें एक दृश्य इटालियन शोकनाट्याचा पुढारी आल्फिएरी यानें आपल्या आत्मचरित्रांत रेखाटलें आहे. १७६९ मध्यें वीस वर्षांचा हा उद्धट उमराव व्हिएन्नास आला होता. मेटास्टाझिओची भेट सहज घेतां आली असती. परंतु शोनब्रून राजवाड्याच्या बागेंत त्यानें या वृद्ध कवीला मारिया थेरेसापुढें रिवाजाप्रमाणें गुडघा टेकतांना पाहिलें. तोंडावर कृतार्थतेचा लाचार भाव. त्याची शिसारी येऊन आल्फिएरीनें भेट घेण्याचें नाकारलें. या प्रसंगाचा उल्लेख करून पुढील टीकाकारांनीं मेटास्टाझिओचा निकाल लावला. आल्फिएरीचा संताप खोटा नव्हता, आणि त्यानें पाहिलें तेंही खरें असेल. पण तो मोठ्या जहागिरीचा धनी होता. त्याला कोणापुढें गुडघा टेकण्याचें कारण पडलें नव्हतें. किराणा दुकानदाराच्या पोराला तें स्वातंत्र्य कोणी आंदण दिलें नव्हतें. असें असूनही, दीर्घ सुखवस्तु आयुष्यांत या कवीनें 'रेगोलो'सारखा एकदांही पाय रोंवून उभें राहून 'नाहीं' म्हटल्याचें आम्हांस आढळत नाहीं, आणि हें त्याचें न्यून लपविण्यांत अर्थ नाहीं. केटोचा शेवट बदलणारा हात तोच होता.

साहित्यांतील बंड त्याच्या अगदीं शेजारीं उभें राहिलें. काल्झाबीजी या गृहस्थानें १७५५ मध्यें पॅरिसला मेटास्टाझिओच्या ग्रंथांची आवृत्ति काढून तिला प्रशंसेची प्रस्तावना जोडली होती. त्याच काल्झाबीजीनें १७६२ मध्यें व्हिएन्नांत ग्लुकसाठीं 'ऑर्फेओ'चे शब्द लिहिले. त्यांत पद म्हणून आंत जाण्याचा नियम नाहीं, उपकथानक नाहीं, गवयाच्या तानांना जागा नाहीं. स्वतः ग्लुकनें तरुणपणीं पहिला ऑपेरा केला तो मेटास्टाझिओच्या 'आर्तासेर्से'वरच. पण आतां वारें फिरलें होतें. १७७१ मध्यें मिलान येथें एका राजपुत्राच्या विवाहासाठीं मेटास्टाझिओ आणि हासे या दोन वृद्धांनीं 'रुज्जेरो' हें आपलें शेवटचें नाटक सादर केलें. दुसऱ्या दिवशीं पंधरा वर्षांच्या मोझार्टचें एक छोटें संगीत नाट्य झालें, आणि लोक त्याविषयींच बोलत राहिले.

१२ एप्रिल १७८२ रोजीं मेटास्टाझिओ वारला. पोप सहावा पायस त्या वेळीं व्हिएन्नांतच होता, त्यानें आशीर्वाद पाठविला. प्रेत सेंट मायकेलच्या देवळांत पुरण्यांत आलें. संपत्ति मार्टिनेझ कुटुंबास मिळाली. 'जुळा भाऊ' फारिनेल्ली बोलोन्याला होता. तोही त्याच वर्षीं सप्टेंबरांत गेला.

नऊ वर्षांनीं प्राग येथें दुसऱ्या लिओपोल्डच्या राज्यारोहणासाठीं 'तीतो' पुन्हां उकरून काढण्यांत आलें. संगीत मोझार्टचें. मात्रोलाझ... नव्हे, माझोला नांवाच्या कवीनें तीन अंकांचे दोन केले, बरीच पदें छाटलीं, अनेक पात्रांनीं मिळून म्हणावयाचे भाग घातले. आणि मोझार्टनें आपल्या टिपणवहींत, माझोलानें याचा खरा ऑपेरा बनविला, अशा अर्थाची नोंद केली. टायटस व सेस्तो यांचा तो प्रवेश मात्र त्यानें टाकला नाहीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत कास्त्रातो गवयांची परंपरा बंद पडली, ऑपेरा हा संगीतकाराचा झाला, आणि मेटास्टाझिओचीं पुस्तकें शाळेंतील उताऱ्यांपुरतीं उरलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या वाद्यांचा व जुन्या गायनपद्धतीचा अभ्यास सुरू झाल्यावर व्हिवाल्दी, पेर्गोलेझी, हासे यांच्या हस्तलिखितांबरोबर तोही फडताळांतून बाहेर आला. २०१२ सालीं फ्रान्समधील नांसी येथें व्हिंचीचा 'आर्तासेर्से' रंगभूमीवर आला, तेव्हां १७३० मधील रोमप्रमाणें स्त्रीभूमिकाही पुरुषांनींच केल्या. फरक इतकाच कीं, हे गायक साधनेनें उंच स्वरांत गाणारे होते.